काहूनचा रकाना

बाई, मी तुम्हाला शेवटचं लिहिलं ते एक पोस्टकार्ड होतं, चार ओळींचं. तुम्ही तेव्हा यवतमाळला भाचीकडे राहत होता. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती आणि तुम्हाला गच्चीवरच्या कुंड्यांची काळजी लागली होती. तुमच्या कार्डात शेवटी लिहिलं होतं, 'येशील तेव्हा पहिल्या वर्षाचा हजेरीपट घेऊन ये. मुलींची कारणं पुन्हा एकदा वाचावीशी वाटतात.' मी उत्तर दिलं की जुने हजेरीपट वाळवीनं खाल्ले, आणि विद्यापीठाची परीक्षा सुरू असल्यामुळे सध्या निघता येत नाही. खाली सही केली, नेहमीसारखी पूर्ण नावाची. लगेच तुमचं दुसरं कार्ड आलं. 'वाळवी लागली तर लागली. तू ये.' त्याला मी उत्तर लिहिलं नाही. महिनाभरानं तुमच्या भाचीचा कॉलेजवर फोन आला, तुम्ही गेल्याचा. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. आज तुमचं ते कार्ड पुढे ठेवून बसले आहे, कारण मला तुमच्या कॉलेजचा इतिहास लिहायला सांगितला आहे आणि तो माझ्या त्या चार ओळींपाशी येऊन अडला आहे.

आधी बातमी सांगते. तुमचं महिला महाविद्यालय येत्या वर्षापासून शेजारच्या मोठ्या कॉलेजात विलीन होणार आहे. संस्था एकच, विद्यापीठ एकच, मग दोन प्राचार्य आणि दोन कार्यालयं कशाला, असा हिशेब. मुली मोठ्या कॉलेजच्या वर्गात मुलांबरोबर बसतील. आपल्या इमारतीला 'महिला विभाग' म्हणतील, फाटकावरची पाटी निघेल. मी विरोध केला नाही. निवृत्त माणसानं विरोध करायचा म्हणजे सभेत उठून बोलायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवून चहाला जायचं. पण पाटी काढण्याआधी एक स्मरणिका काढू, असं संस्थेच्या सचिवांनी ठरवलं. ते घरी आले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, तुमच्या वेळच्या सचिवांचे हे नातू. म्हणाले, "मॅडम, बारा पानं द्या. पहिल्या बॅचच्या तुम्ही, इथंच शिकवलं, इथंच प्रभारी प्राचार्य झाल्या. तुमच्याबिगर कोण लिहीन?" मग चहा घेता घेता म्हणाले, "जुनं रेकॉर्ड त असनच न?" मी म्हटलं, वाळवीनं खाल्लं. "हो हो, ऐकलं होतं. तसंच लिहा. लोक समजून घेतात."

लोक समजून घेतात हे खरंच आहे. वाळवीला कोणी जाब विचारत नाही.

तुम्ही आमच्या शेवटच्या बाई. तुमच्यानंतर ज्या आलो त्या सगळ्या मॅडम. मलाही मुली मॅडम म्हणत आणि पाठीमागे आणखी काही म्हणत, ते मला ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटलं नाही. मी कडक होते. वर्गात उशिरा येणारीला दारातून परत पाठवायची. कॉलेजच्या आवारात मी दिसले की पोरी ओढण्या सावरत. तुमच्यासारखी माया मला जमली नाही, पण शिस्त जमली, आणि पुष्कळ वर्षं मला वाटत राहिलं की शिस्त हेच तुमच्याकडून घेतलं.

इतिहासाचं पहिलं पान मी सहज लिहिलं. जिनिंगच्या जुन्या कचेरीत भरलेला पहिला वर्ग. तीन खोल्या, वर पत्रे, आणि पलीकडे सरकी वेगळी करणारी यंत्रं दिवसभर घरघरत असायची. खिडकी उघडली की कापसाचे तंतू उडत आत यायचे आणि आमच्या वेण्यांवर, वह्यांवर, तुमच्या चष्म्यावर बसायचे. तुम्ही साताऱ्याकडच्या. तुमचं बोलणं आम्हाला रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटे. इतिहास शिकवताना तुम्ही मधेच थांबून चष्मा पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता मला पुन्हा तुम्ही दिसायला लागलात." मागच्याच दोन खोल्यांत तुमचं घर. दिग्रसची एस.टी. चुकली की आम्ही तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही आम्हाला रिकामं बसू द्यायच्या नाहीत, पुढ्यात तुरीच्या ओल्या शेंगा ओतायच्या, आम्ही सोले काढायचे आणि तुम्ही प्रश्न विचारायचे. उत्तर चुकलं की टोपलीत आणखी एक ओंजळ शेंगा. मी पहिल्या वर्षी फार शेंगा सोलल्या. मग त्या सोल्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर, आणि तुम्ही आमच्याच पंगतीत खाली बसलेल्या. माझ्या तांड्यात तोवर बाहेरची कोणी बाई आमच्या माणसांबरोबर जेवायला बसलेली मी पाहिली नव्हती. हे मी इतिहासात लिहिलेलं नाही. इथं लिहिते.

तुम्ही तांड्यावर आलात तो दिवस मात्र लिहिला आहे. बोरी अरबच्या फाट्यावर उतरून चालत आलात, चपला हातात घेऊन, कारण काळी माती तळव्याला चिकटत होती. आमचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारे, आता दोन पिढ्या कापूस आणि तूर पिकवणारे. पोरींना शाळेत घालण्यापर्यंत आमची मजल गेली होती, पण कॉलेज म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं. तुम्ही नायकासमोर बसलात. तांड्याचा तो प्रमुख माणूस, त्यानं तुम्हाला पाणी दिलं, विडी पेटवावी की नाही याचा विचार केला आणि न पेटवता कानावर ठेवली. माझी आई, म्हणजे याडी, काचा लावलेला घागरा सावरत दाराआड उभी होती आणि मी तिच्या मागे.

"पोरी शिकून का करतीन, बाई?" नायक म्हणाला. "कापूस त येचाच लागते."

"वेचू द्या," तुम्ही म्हणालात. "वेचणीच्या दिवसांत मुलगी आली नाही, तर मी नाव काटणार नाही. वेचणीला गेली असं लिहीन."

"कोठी लिहान?"

"हजेरीपटात."

"सरकारच्या कागदावर?"

"विद्यापीठाच्या."

नायकानं कानावरची विडी काढून हातात धरली. कापूस वेचायला जाणं ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे, हे त्याला कोणी पहिल्यांदाच सांगत होतं. "मंग दोन पोरी न्या," तो म्हणाला. त्या दोघींपैकी एक मी. दुसरी माझी सोबतीण, शेजारच्या घरातली, माझ्याहून वर्षानं मोठी आणि माझ्याहून हुशार. हेही मला इतिहासात लिहायला जमलेलं नाही.

तुमच्या हजेरीची पद्धत आता कोणाला सांगितली तर खरी वाटत नाही. सगळीकडे पहिल्या तासाला हजेरी होते. तुम्ही शेवटच्या तासाला घ्यायच्या, कारण दारव्ह्याकडची गाडी कधीच वेळेवर येत नसे. आणि नावं पुकारायच्या नाहीत, गावं पुकारायच्या. त्या त्या गावच्या मुलींनी सांगायचं, कोण आली, कोण नाही. विद्यापीठाच्या छापील पटात हजर आणि गैरहजर एवढंच होतं. तुम्ही पट्टीनं शेवटी एक रेघ ओढून आणखी एक रकाना केला. त्याला काय नाव द्यावं म्हणून आम्हाला विचारलंत. 'का' या अर्थाचा, तुमच्या कानावर नवीनच पडलेला आमचा शब्द तुम्हाला फार आवडला होता. तुम्ही लाल पेन्सिलनं रकान्यावर लिहिलं, 'काहून'.

"बोरी."

"आम्ही दोघी हावो, बाई. तिसरी नाही आली."

"काहून?"

पहिल्या दिवशी तुमच्या साताऱ्याच्या तोंडून तो शब्द ऐकून सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. "हसून झालं की कारण सांगा." मग ती सवयच झाली. वहिनी बाळंत झाली. म्हैस हरवली. पाहुणे पाहायला आले. चप्पल तुटली आणि बाजार परवा आहे. तुम्ही सगळं जसंच्या तसं लिहायच्या. वेचणीच्या दिवसांत पानंच्या पानं 'वेचणी, वेचणी, वेचणी'. विद्यापीठाची तपासणी समिती आली तेव्हा त्यांच्यातल्या एका साहेबांनी पट उचलून धरला आणि विचारलं, "हे काय आहे, मॅडम? हा रकाना नियमात नाही." मी पाणी घेऊन आत आले होते म्हणून ऐकलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, तुमच्या रकान्यावरून मुलगी वर्गात नव्हती एवढं कळतं. ती कुठं होती हे मला माहीत असायला हवं. मी तिच्या घरी शब्द दिला आहे." साहेबांनी पट खाली ठेवला. मान्यता मिळाली. ती त्या रकान्यामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, पण रकाना असूनही मिळाली.

आता त्या मार्गशीर्षातलं लिहिते. सकाळी सोबतिणीची आई आमच्या घरी येते. याडीशी दाराबाहेर बोलते, मग दोघी माझ्याकडे पाहतात. स्थळ आलं आहे, दिग्रसच्या बाजूचं, घाईचं आहे. बाईंना कळलं तर धावत येतील आणि सोयरिक मोडेल. विचारलं तर ताप आला म्हणायचं. सोबतीण ओट्यावर बसलेली आहे. हळद अजून लागलेली नाही. माझ्याकडे पाहते. मी एकटीच फाट्याकडे निघते.

"तांडा."

"एक आली, बाई."

"दुसरी?"

"नाही आली."

"काहून?"

"ताप."

तीन दिवस मी ताप सांगितला आणि तीन दिवस तुम्ही ताप लिहिला. चौथ्या दिवशी रविवार होता. तुम्ही औषधाची बाटली आणि पिशवीभर संत्री घेऊन तांड्यावर आलात. वरात आदल्या दिवशीच गेली होती. मांडवाचे खांब अजून उभे होते. तुम्ही खांबांपाशी उभ्या राहिलात, पिशवी हातात तशीच. मग तांड्यातली पोरं गोळा झाली, त्यांना तुम्ही एकेक संत्रं दिलं, आणि पिशवी घडी करून परत गेलात. माझ्या घरी आला नाहीत. मी घरातच होते.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलं. आवाज चढवला नाहीत. "खोटं कारण सांगितलंस म्हणून मी औषध घेऊन निघाले," तुम्ही म्हणालात. "खरं सांगितलं असतंस तर माणसं घेऊन निघाले असते." मी म्हटलं, पहिल्या दिवशी तिचं अंग गरम होतं, बाई. पटातला तिन्ही दिवसांचा 'ताप' तुम्ही माझ्यासमोर एका रेघेनं खोडला आणि वर लिहिलं, 'लग्न'. मला वाटलं, आता नाव काटतील. तुम्ही काटलं नाही. उरलेलं सगळं वर्ष तुम्ही रोज पुकारत राहिलात. तांडा. एक आली, बाई. दुसरी. नाही आली. काहून. लग्न झालं. रोज, बाई. चाळीस मुलींसमोर. मला ती शिक्षा वाटली, आणि ती मला लागू आहे असंही वाटलं. पुढे मी जी कडक झाले ती तिथून. खोट्याचा मला जो राग होता, तो मुलींना माझा स्वभाव वाटायचा.

मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, आपल्याच कॉलेजात लागले. रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला तुमची लाल-निळी पेन्सिल दिलीत, एका टोकानं निळी, दुसऱ्या टोकानं लाल. "निळीनं हजेरी, लालनं काहून," म्हणालात. बाई, पुढे मी तिचं निळं टोकच वापरलं. तुम्ही होतात तोवर लालनंही लिहायची, पण तुम्ही निवृत्त झालात त्याच वर्षी मी माझ्या पटातून तो रकाना काढला. नियमात नाही, वेळ जातो, इतर प्राध्यापक हसतात, अशी कारणं होती. खरं म्हणजे रोज वर्गात उभं राहून तो शब्द उच्चारणं मला नको होतं. प्रभारी प्राचार्य झाल्यावर तर सगळ्यांच्याच पटातून काढला. हजर, गैरहजर, टक्केवारी. टक्केवारी कमी पडली की परीक्षेचा अर्ज नाही. रडत आलेल्या मुलींना मी टक्केवारी दाखवायची. त्या कुठं होत्या ते विचारलं नाही. किती परत गेल्या तेही आता सांगता येणार नाही, कारण लिहिलेलंच नाही.

आणि मग ती मूल्यांकनाची समिती यायची होती. मागच्या कोठीत संगणक बसवायचे होते. कोठी मी स्वतः उभी राहून रिकामी करवली. तुमचे हजेरीपट वरच्या फळीवर होते, लाल कापडात बांधलेले, पुठ्ठे कोरडे, एकही पान कुरतडलेलं नाही. पहिल्या वर्षाचा पट मी उघडला. ते पान सापडायला वेळ लागला नाही. तीनदा खोडलेला ताप. शिपाई विचारत होता, "हे ठेवाचं का रद्दीत टाकाचं, मॅडम?" मी म्हटलं, रद्दीत. त्याला वाटलं मी पाहिलं नाही, त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सगळे. आणि पहिल्या वर्षाचा पट माझ्या हातानं ढिगावर ठेवला. पंधरा दिवसांनी तुमचं कार्ड आलं की तो पट बघायचा आहे.

वाळवी तेव्हा जन्माला आली, तुमच्यासाठी. मग ती सगळ्यांना सांगता सांगता कॉलेजच्या इतिहासात जाऊन बसली.

कागद नाहीत, तर माणसांना विचारू, असं मी गेल्या महिन्यात ठरवलं. एक वही घेतली, वर गावांची नावं घातली, आणि गावोगाव फिरू लागले. जीपमध्ये आता माझ्यासाठी पुढची जागा सोडतात, म्हातारपणाचा तेवढा फायदा. पहिल्या बॅचच्या ज्या आहेत त्यांना भेटले. कोणी सांगितलं, 'म्हैस हरवली होती तो दिवस बाईंनी लिहिला होता न,' कोणी सांगितलं, 'माझी चप्पल.' सगळ्यांना स्वतःची कारणं पाठ आहेत, बाई. पदवी कोणत्या वर्षी मिळाली ते आठवावं लागतं. सगळी गावं झाली आणि तांडा उरला. सोबतिणीच्या सासरचा पत्ता मला पन्नास वर्षं माहीत होता.

ती अंगणात तूर पाखडत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. आम्ही आमच्या गोरबोलीत सुरुवात केली, पण तिची नात येऊन बसली तशा वऱ्हाडीत वळलो, कारण नातीला गोरबोली कळते आणि बोलायची लाज वाटते. नात आपल्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे.

"इतक्या सालानं आठोन आली का व?" सोबतीण म्हणाली. "तू त अजून बी मास्तरीणच दिसतं."

मी आल्याचं कारण सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"बाई इथं आल्या होत्या न. दोनदा."

मी विचारलं, कधी.

"लग्नाच्याच साली. एकदा संक्रांतीले, अन् मंग फारम घेऊन. माही सासू म्हणे, ही मास्तरीण कायले आली? बाई म्हणे, तुमच्या सुनेची हजेरी घ्याले आली." ती हसली, मग पदरानं तोंड पुसलं. "मले म्हणे, तुहं नाव म्या काटलं नाही. रोज पुकारतो. तुही सोबतीण रोज उभी राहून सांगते तू कोठी हायेस ते. कारण लिहेल आहे म्हणून माफी भेटते, परीक्षेले बस."

"अन् बसली?"

"बसली न. नवरा सायकलवर घेऊन गेलता. चार महिन्याचं पोट, उलट्या होऊन राह्यल्या होत्या. हरेक पेपरात दोनदा बाहीर जाव. इंग्रजीत गेली. बाकी साऱ्यात पास."

ती आत गेली आणि देवांच्या फळीमागून गुणपत्रिका घेऊन आली. प्लास्टिकमध्ये घातलेली. विद्यापीठाचा शिक्का, आपल्या महाविद्यालयाचं नाव, तिचं माहेरचं नाव. त्या वर्षाचा एवढा एकच कागद आता जगात आहे. मी तो हातात धरून बसले. मला शिक्षा वाटत होती ती हजेरी, बाई, तुम्ही तिची जागा धरून ठेवण्यासाठी घेत होता, आणि जागा धरणारी मी होते. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. कदाचित मला कळलं असेल असं तुम्हाला वाटलं. मला नाही कळलं. मी हुशार नव्हते, मी म्हटलंच.

"हे छापू देशील का?" मी विचारलं.

"इंग्रजीत गेली ते साऱ्या जिल्ह्याले कायले दाखवतं? ते हजेरीचे कागद छाप न. त्यात लिहेल असन सारं."

"ते नाहीत. वाळवी लागली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुहे कान लाल झाले," ती म्हणाली. "तापाच्या टायमाले बी झालते म्हणे. बाईनंच सांगतलं मले. म्हणे, पोरीचे कान पाहूनच मले समजाले पायजे होतं, चूक माहीच हाय."

नातीच्या समोर मी तिला खरं सांगितलं. आधी रद्दीचं, मग त्या पानाचं. नात मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. सोबतीण रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि म्हणाली, "माही नापासी छाप. पण मंग तुही बी छाप."

स्मरणिकेत मी आता असं लिहिलं आहे की महाविद्यालयाचे पहिले हजेरीपट चांगल्या स्थितीत होते आणि प्रभारी प्राचार्य असताना मी ते स्वतः रद्दीत घातले. त्याखाली गावांच्या नावांनी मुलींची कारणं दिली आहेत, जेवढी तोंडून मिळाली तेवढी. तांड्याच्या खाली दोन नावं. एकीपुढे 'लग्न', आणि तिची गुणपत्रिका. बारा पानांच्या जागी ते अठरा पानं झालं आहे आणि मान्यवरांचे संदेश कमी करावे लागणार आहेत. सचिवांना मजकूर पाठवला तेव्हा अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. "मॅडम, हे रद्दीचं काहून लिहून राह्यल्या? वाळवीच चांगली होती न." मी म्हटलं, तो रकाना भरायचा राहिला होता. त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, एक अक्षर न बदलता छापा, नाहीतर अठराही पानं परत घेते. ते माझे विद्यार्थी नाहीत, पण त्यांची बायको आहे. छापतील.

हे पत्र कुठं टाकू? तुमची भाची पुण्याला गेली असं ऐकलं, त्या घरात आता दुसरे लोक आहेत, आणि गच्चीवरच्या कुंड्याही नसतील. त्या वहीत, तांड्याच्या पानाशी, तुमच्या कार्डाबरोबर ठेवून देते. पेन्सिलचं लाल टोक काढलं आहे, एवढ्या वर्षांनी तासताना दोनदा तुटलं. वहीतली कारणं त्यानंच लिहिली. एकच रकाना राहिला आहे. यवतमाळला दीड तासाची एस.टी. होती, तुम्ही दोनदा पुकारलंत आणि मी आले नाही. मी कारण 'परीक्षा' लिहिलं होतं. बाई, त्या महिन्यात परीक्षा नव्हती. कॉलेजला सुटी होती आणि मी घरीच होते.